तेहेतिसाव्या वर्षी नीट द्यावी का?

आदरणीय डॉक्टर मॅडम,

मी यवतमाळ जिल्ह्यात नऊ वर्षांपासून कृषी सहायक आहे. वय ३३. बारावी २०११ साली झाले. तेव्हा सीईटीत मेडिकल थोडक्यात हुकले आणि घरच्यांच्या सांगण्यावरून बी.एस्सी. ॲग्रीला गेले. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा मी नोकरीत नवीन होते. माझ्या सज्जातला, म्हणजे माझ्याकडे नेमून दिलेल्या गावांतला, एक मजूर वावराच्या धुऱ्यावरच कोसळला. त्याला जीपमध्ये घालून आम्ही यवतमाळला नेले. वाटभर त्याच्या तोंडाला फेस येत होता. मला त्या कीटकनाशकाचे नाव, त्यातला घटक, एकरी मात्रा सगळे पाठ होते. त्या माणसाचे काय करायचे तेवढे ठाऊक नव्हते. तो वाचला, पण तेव्हापासून मेडिकलचा विचार डोक्यातून जात नाही.

पती सात एकर कोरडवाहू शेती करतात. पाऊस बरा झाला तर वर्षाला दोन लाख उरतात. माझ्या हातात दरमहा ४२,००० येतात, त्यातले १०,००० घराच्या कर्जाच्या हप्त्यात जातात आणि तो हप्ता अजून दोन वर्षे आहे. मुलगी पहिलीत आहे, घरी सासूबाई आहेत. आम्ही इतर मागास प्रवर्गात मोडतो. भाऊ म्हणतो, नागपूरच्या एजंटमार्फत परदेशी जा. मैत्रीण म्हणते, ग्रामीण डॉक्टरचा दोन वर्षांचा कोर्स कर. पती म्हणतात, करायचे असेल तर कर, पण पक्के ठरव. मी राजीनामा देऊन वर्षभर पूर्णवेळ अभ्यास करावा का? आणि या वयात हे शोभते का?

– एक वाचक भगिनी, जि. यवतमाळ

सप्रेम नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देते. राजीनामा देऊ नका. महाविद्यालयातली जागा हातात येईपर्यंत तर मुळीच देऊ नका. आणि शोभण्याचे म्हणाल, तर ज्या बाईने फेस येणाऱ्या माणसाला मांडीवर घेऊन यवतमाळ गाठले, तिने दवाखान्याचे शिक्षण घ्यावे यात न शोभण्यासारखे मला काही दिसत नाही. वय मात्र मोजावे लागेल. ते लोकांच्या नजरेसाठी नव्हे, तर पुढच्या वर्षांच्या हिशोबासाठी, आणि तो हिशोब मी खाली सविस्तर मांडणार आहे.

नियमांची बाजू सरळ आहे. नीटसाठी, म्हणजे एमबीबीएसच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेसाठी, पूर्वी खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गाला ३० वर्षांची वरची मर्यादा होती. ती २०२२ साली काढून टाकण्यात आली, आणि परीक्षा किती वेळा द्यावी यालाही बंधन नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी असावे लागते, आणि तुमच्या प्रवर्गाला पहिल्या तीन विषयांत मिळून किमान ४० टक्के गुण लागतात. तुम्ही त्या काळी मेडिकलची सीईटी दिली होती, त्या अर्थी हे विषय तुमच्याकडे होतेच. तरी जुनी गुणपत्रिका काढून टक्केवारी एकदा स्वतः मोजून घ्या. कृषी पदवीमुळे एमबीबीएसचे एखादे वर्ष वाचेल अशी आशा मात्र ठेवू नका. इंग्लंड-अमेरिकेत पदवीधरांना वैद्यकीय शिक्षणात घेण्याचे वेगळे मार्ग आहेत, आपल्याकडे तसा मार्ग नाही. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या, पंधरा वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या परिचारिकेलाही अठरा वर्षांच्या मुलांबरोबर तीच परीक्षा देऊन पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. मला हे अन्यायाचे वाटते, आणि तसे मी अनेकदा बोलले आहे, पण तुमचा निर्णय आजच्या नियमांवरच व्हायला हवा.

आता वर्षांकडे येऊ. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता, म्हणजे आपण ज्याला इंटर्नशिप म्हणतो ती. शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांना त्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित, म्हणजे प्रवेशाच्या वेळी लिहून दिलेली सक्तीची सरकारी, सेवा असते. तुम्ही पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या वर्षी प्रवेश घेतला असे धरू. तसे का धरायचे ते पैशांच्या हिशोबात सांगते. म्हणजे प्रवेशाच्या वेळी तुम्ही ३५ वर्षांच्या असाल, पदवीची शेवटची परीक्षा संपेल तेव्हा साडेएकोणचाळीस, आंतरवासिता संपेल तेव्हा साडेचाळीस आणि बंधपत्राचे वर्ष संपेल तेव्हा साडेएकेचाळीस. हे सगळे एकाही वर्षी नापास न होता.

या आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा लिहून ठेवा, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. नीटची वयोमर्यादा गेली, पण सरकारी नोकरीची गेलेली नाही. राज्य शासनाच्या सेवाभरतीत साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षांची मर्यादा असते. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम वैद्यकीय अधिकारी व्हायचे असेल, तर तुमच्या हाती जेमतेम दीड वर्ष उरते, आणि मध्ये एक वर्ष गेले तर जेमतेम सहा महिने. कंत्राटी पदांवर एमबीबीएस डॉक्टरांसाठी वयाची अट बरीच सैल असते, आणि आपल्या भागात ती पदे रिकामी पडून राहतात हे तुम्ही स्वतः पाहत असाल. पण आज तुमच्याकडे कायम नोकरी आहे आणि उद्या बहुधा कंत्राटी नोकरी किंवा स्वतःचा दवाखाना असेल, हा बदल डोळसपणे स्वीकारावा लागेल. पुढे एम.डी. करण्याचा विचार आज हिशोबात धरूच नका. तुमच्या तालुक्याला चांगल्या एमबीबीएस डॉक्टरची जी निकड आहे, ती भागवायला एम.डी. लागत नाही, हे मी ग्रामीण रुग्णालयातल्या बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

परीक्षेचे स्वरूप तुमच्या वेळच्या सीईटीपेक्षा बरेच वेगळे आहे. तीन तासांत १८० प्रश्न, एकूण ७२० गुण; बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. त्यातले ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे आणि ४५ रसायनशास्त्राचे असतात. देशभरातून वीस लाखांहून अधिक मुले बसतात आणि एमबीबीएसच्या सगळ्या मिळून जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. त्यातल्या निम्म्याच्या जवळपास खाजगी महाविद्यालयांत. त्यामुळे नीट 'पास' होणे आणि शासकीय जागा मिळणे यांत फार मोठे अंतर आहे. किती गुणांना जागा मिळते हा आकडाही दरवर्षी हलतो. २०२४ साली सहाशेच्या वर गुण घेऊनही खुल्या प्रवर्गातल्या अनेकांना राज्यातली शासकीय जागा मिळाली नाही, तर २०२५ साली भौतिकशास्त्राचा भाग कठीण निघाल्याने तीच रेषा बरीच खाली आली. म्हणून कोणी 'अमुक गुण पाडा, झाले' असे सांगितले तर विश्वास ठेवू नका. राज्याचा सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर निवड याद्या प्रसिद्ध करतो. मागच्या तीन वर्षांत तुमच्या प्रवर्गाची शासकीय जागा शेवटी कोणत्या क्रमांकापर्यंत गेली हे त्यांत पाहा, आणि गुणांपेक्षा त्या क्रमांकाकडे लक्ष ठेवा. राज्यातल्या शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. पूर्वी विदर्भाच्या मुलांसाठी विदर्भातल्या महाविद्यालयांत ७० टक्के जागा राखलेल्या असत. ती पद्धत २०२० साली बंद झाली, त्यामुळे तुमची स्पर्धा आता लातूर आणि पुण्याच्या मुलांशीही आहे.

या परीक्षेत तुमची एक बाजू भक्कम आहे, आणि ती तुमच्या लक्षात आली नसावी. जीवशास्त्राच्या ९० प्रश्नांपैकी साधारण निम्मे वनस्पतिशास्त्राच्या अंगाचे असतात. प्रकाशसंश्लेषण, वनस्पतींची वाढ, आनुवंशिकता, परिसंस्था हे विषय तुम्ही पदवीला चार वर्षे शिकलात आणि त्यातले अर्धे रोज वावरात पाहता. प्राणिशास्त्राचा भाग आणि मानवी शरीरक्रिया नव्याने करावी लागेल, पण वाचण्याची सवय असलेल्या माणसाला ती जड जात नाही. तुमची खरी लढाई भौतिकशास्त्राशी होणार आहे. पंधरा वर्षांपूर्वी सोडलेले गणित परत बोटांत आणावे लागेल, आणि ते वाचून येत नाही, रोज उदाहरणे सोडवूनच येते. अभ्यासासाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके घ्या, जीवशास्त्राचे तर ओळ न ओळ वाचा. २०२४ पासून अभ्यासक्रमातून काही धडे वगळले आहेत, त्यामुळे कोणाच्या भाचीची जुनी पुस्तके आणू नका. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण तुमची अकरावी-बारावी इंग्रजीतून झाली असणार आणि मराठी पारिभाषिक शब्द पाहून तुम्ही उलट अडखळाल. शिवाय भाषांतराबाबत शंका आली तर इंग्रजी पाठ ग्राह्य धरला जातो. इंग्रजीच घ्या.

नोकरी सांभाळून हे कसे जमेल, हा तुमच्या पत्रात न लिहिलेला पण सगळीकडे जाणवणारा प्रश्न आहे. तुमच्या कामाचे वर्ष मला जवळून ठाऊक आहे, कारण माझे वडील याच खात्यात होते. जूनपासून पेरण्या, शेतीशाळा, महाडीबीटीचे अर्ज; सप्टेंबर-ऑक्टोबरात अतिवृष्टीचे पंचनामे आणि पीक कापणी प्रयोग. या पाच महिन्यांत रोज चार तास अभ्यास करीन असे ठरवलेत तर पहिल्याच पंधरवड्यात मोडून पडाल आणि अपराधी वाटेल ते वेगळेच. पावसाळ्यात फक्त जीवशास्त्र धरा, कारण ते तुकड्यातुकड्यांनी वाचता येते. ग्रामपंचायतीत सरपंचांची वाट पाहताना, एसटीत, पोरगी झोपल्यावर अर्धा तास, एवढे पुरे. भौतिकशास्त्राला सलग शांत वेळ लागतो, तो दिवाळीनंतर मिळेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे साडेचार ते साडेसहा हे दोन तास कोणालाही देऊ नका. अर्जित रजा आतापासून शिल्लक टाका आणि ती एप्रिलमध्ये एकत्र घ्या. परीक्षा मे महिन्यातल्या रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळेत होत आली आहे. यवतमाळच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता डोके कसे चालते हे तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून एप्रिलमधल्या सगळ्या सराव प्रश्नपत्रिका त्याच वेळेत, कूलर न लावता सोडवा. शिकवणीसाठी लातूरला किंवा नागपूरला जाऊन राहण्याची गरज नाही. एखादी चांगली ऑनलाइन चाचणी मालिका आणि भौतिकशास्त्रासाठी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातला एखादा शिकवण्याची हौस असलेला प्राध्यापक शोधा. असे प्राध्यापक आपल्याकडे आहेत आणि मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला ते फार आपुलकीने शिकवतात. आणखी एक गोष्ट म्हणजे परीक्षेला बसण्याआधी कार्यालयप्रमुखांची लेखी परवानगी घेऊन ठेवा. अध्ययन रजेवर भिस्त ठेवू नका. ती मर्यादित काळाची आणि सेवेशी संबंधित अभ्यासासाठी असते, साडेपाच वर्षांचे एमबीबीएस तीत बसत नाही.

आता पैसे. तुमच्या पत्रातले आकडे घेऊन मी कागदावर हिशोब केला आहे, तुम्ही आणि तुमचे यजमान मिळून तो तपासून पाहा. घराचा खर्च दरमहा २२,००० आणि तुमचा वसतिगृह, खाणावळ, पुस्तके, येणे-जाणे मिळून ८,००० धरला, तर साडेचार वर्षांना १६,२०,००० रुपये लागतील. शेतीतून वर्षाला दोन लाख खरोखरच आले तर ९,००,००० होतील. उरलेले ७,२०,००० कुठून येणार, हा या सगळ्या बेताचा कणा आहे. तुम्ही राजीनामा देऊन वर्षभर अभ्यास केलात तर या खड्ड्यात आणखी एक वर्ष पडते आणि कर्जाचा हप्ता चालू राहतो. उलट नोकरीत राहून दोन वर्षे तयारी केलीत तर दोन गोष्टी होतात. कर्ज फिटते, आणि हप्ता वगळून उरणारे ३२,००० नेटाने बाजूला टाकले, घरखर्च मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर चालवला आणि कमी पडेल तेवढेच पगारातून घेतले, तर सहा लाखांच्या आसपास शिल्लक पडते. म्हणूनच मी तुमचा प्रवेश दुसऱ्या वर्षी धरला. येत्या मे महिन्यातली परीक्षा द्याच, पण ती मोजमापासाठी. नेम दुसऱ्या परीक्षेवर ठेवा. तरीही सव्वा लाखाची तूट राहते, आणि बोंडअळीचे किंवा कोरड्या दुष्काळाचे एक वर्ष आले की ती तीन-साडेतीन लाखांवर जाते. तेवढे शैक्षणिक कर्ज माझ्या मते घेण्यासारखे आहे, त्याहून मोठे नाही. आंतरवासितेत विद्यावेतन मिळते, २०२४ पासून ते दरमहा १८,००० रुपये आहे. त्या एका वर्षात तुमचा भार घरावर पडणार नाही.

या हिशोबात मी शिक्षण शुल्क धरलेले नाही, त्याचे कारण आहे. राज्यातल्या शासकीय महाविद्यालयाचे शुल्क आज वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात आहे, पण जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुमचा एकूण पगार, म्हणजे कपातीच्या आधीचा, आणि शेतीचे उत्पन्न मिळून तुम्ही या मर्यादेच्या अगदी जवळ आहात. म्हणून तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आताच एकदा काढून पाहा, आणि यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विवाहित विद्यार्थिनीसाठी कोणते दाखले लागतात ते लिहून आणा. जातवैधता प्रमाणपत्र नोकरीच्या वेळी काढलेले असेल तर उत्तम. ते माहेरच्या नावाने असणार, तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलाचे राजपत्र सोबत तयार ठेवा. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत तपासा. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी अशा कागदांवाचून हातची जागा गमावलेली मुले मी पाहते, आणि त्यांचे चेहरे मला विसरता येत नाहीत.

माझ्या नात्यातल्या एका मुलाने बँकेतली नोकरी सोडून याच परीक्षेची तयारी केली होती. हुशार होता. पहिल्या वर्षी थोडक्यात गेले, दुसऱ्या वर्षी घरात रोज 'काय झाले, काय झाले' सुरू झाले आणि त्याचे गुण पहिल्यापेक्षा खाली आले. तेव्हा त्याला नोकरी सोडायला उत्तेजन देणाऱ्यांत मीही होते, आणि ते माझे चुकले. पगार थांबला की अभ्यासाला बसलेल्या माणसाच्या डोक्यात प्रत्येक तासाला पैशांचे गणित सुरू होते, हे मला तेव्हा कळले नव्हते.

भावाने सांगितलेल्या परदेशाच्या वाटेला जाऊ नका. तिथेही नीटची पात्रता लागतेच, अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो, त्यानंतर तिथे एक वर्षाची आणि परत आल्यावर इथे एक वर्षाची आंतरवासिता करावी लागते, आणि इथे नोंदणी मिळण्याआधी परदेशी पदवीधरांची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात बहुसंख्य मुले पहिल्या फटक्यात उत्तीर्ण होत नाहीत. म्हणजे तुमच्या बाबतीत ही वाट लांबची आहे, महागडी आहे आणि मुलीपासून सहा वर्षे दूर ठेवणारी आहे. अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोटा यांचे शुल्क वर्षाला कित्येक लाखांत जाते. त्यासाठी कोणी सात एकरांपैकी दोन एकर काढायचा सल्ला दिला तर तो सल्लागार तुमचा हितचिंतक नाही असे समजा. मैत्रिणीने सांगितलेल्या दोन वर्षांच्या कोर्सबद्दल मला फार काळजी वाटते. त्याने माणूस डॉक्टर होत नाही. महाराष्ट्रात आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करायला महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी लागते, आणि ती नसताना दवाखाना थाटणे हा गुन्हा आहे. तुमच्यासारख्या सरळ बाईच्या दारावर 'बोगस डॉक्टर' म्हणून पोलीस यावेत, असे मला स्वप्नातही नको आहे. बी.ए.एम.एस.चा प्रवेशही नीटवरूनच होतो आणि त्यालाही साडेपाच वर्षेच लागतात. आयुर्वेदाची मनापासून ओढ असेल तरच तिकडे जा, एमबीबीएस मिळाले नाही म्हणून नको.

आत गेल्यावर काय वाटते, हेही तुम्हाला कळायला हवे. दोन वर्षांपूर्वी आमच्या रुग्णालयात ग्रामीण प्रशिक्षणासाठी एक आंतरवासी आले होते. वय सदतीस, आधी बारा वर्षे औषधनिर्माता. रुग्णाशी बोलण्यात, नातेवाइकांना धीर देण्यात ते आमच्या तरुण डॉक्टरांच्या कितीतरी पुढे होते. पण पहिले वर्ष आठवले की अजून पोटात गोळा येतो, असे ते म्हणत. शरीररचनाशास्त्राचे पाठांतर अठरा वर्षांची मुले दोन वाचनांत करत आणि त्यांना पाच लागत. सकाळी शवविच्छेदन, मग व्याख्याने, दुपारी प्रात्यक्षिके. हजेरी व्याख्यानांना ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के लागते, त्यामुळे घरी मूल तापाने फणफणले म्हणून सहज निघून जाता येत नाही. पुढे वॉर्डात आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान निवासी डॉक्टर सगळ्यांसमोर रागावतो, आणि ते ऐकून घ्यावे लागते, कारण बहुतेक वेळा त्याचे बरोबर असते. तुम्ही आज गावात 'मॅडम' आहात, शेतकरी तुम्हाला पाहून खाट टाकतात. साडेचार वर्षे त्या मानावाचून राहता येईल का, याचा विचार पैशांइतकाच गंभीरपणे करा.

मुलीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे. तुमचा प्रवेश होईल तेव्हा ती तिसरीत असेल, आणि तुम्ही बाहेर पडाल तेव्हा आठवी-नववीत. पसंतीक्रम भरताना यवतमाळ सर्वांत वर ठेवा, मग चंद्रपूर, नागपूरची दोन्ही शासकीय महाविद्यालये, वर्धा जिल्ह्यातले सेवाग्राम आणि अकोला. वरच्या क्रमांकावर मुंबईचे नामांकित महाविद्यालय मिळत असले तरी घेऊ नका. दर शनिवारी रात्री घरी पोहोचता येईल एवढ्या अंतरावरचीच जागा तुमच्या कामाची. आणि सासूबाईंना हा बेत आजच सांगा. साडेचार वर्षे घर त्यांच्या खांद्यावर येणार आहे. निर्णय झाल्यावर त्यांना कळवणे आणि निर्णयात त्यांना घेणे यांत फरक आहे, आणि तो फरक त्या लक्षात ठेवतील.

शेवटी त्या जीपकडे वळते, कारण तुमचे सगळे पत्र तिथून निघाले आहे. त्या दिवशी तुम्हाला जे ठाऊक नव्हते, त्यातले बरेचसे शिकायला एमबीबीएस लागत नाही. विषबाधा झालेल्याचे कपडे ताबडतोब काढायचे, हातमोजे घालून अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायचे, ओकारी काढायला लावायचे नाही, बेशुद्ध होत असेल तर कुशीवर झोपवायचे, १०८ ला फोन करायचा आणि कीटकनाशकाची बाटली लेबलसकट डॉक्टरांच्या हाती द्यायची. त्या लेबलवरून ॲट्रोपीन हे उताऱ्याचे औषध लागणार की आणखी काही, हे डॉक्टरांना लवकर ठरवता येते. हे तुम्ही येत्या खरिपात प्रत्येक शेतीशाळेत शिकवू शकता, तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सोबत घेऊन. हे करून पाहा अशी माझी खरोखरच विनंती आहे, आणि त्यामागे हेतू आहे. हे काम केल्यावर मनातली ती जुनी टोचणी शांत झाली, तर तुम्हाला हवे होते ते मिळाले आणि साडेपाच वर्षे वाचली. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या दिवसात विषबाधेचा रुग्ण कधीतरी येतो. बाकी सगळा दिवस ताप, खोकला, मधुमेह, बाळंतपणाआधीच्या तपासण्या, लसीकरण, शवविच्छेदन आणि नोंदवह्या यांचा असतो. आरोग्य केंद्रात रोज बसून ते काम जवळून पाहिल्यावरही तुम्हाला तिथेच बसावेसे वाटले, तर मग दोन वर्षांची तयारी जरूर करा, माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पहिल्या परीक्षेनंतरची सीमारेषाही आजच ठरवून घ्या, नाहीतर ती दरवर्षी पुढे सरकत जाते. माझे मत असे की, येत्या मे महिन्यात तुमच्या प्रवर्गाच्या शासकीय जागेच्या शेवटच्या गुणांपासून तुम्ही शंभर गुणांच्या आत आलात तर दुसरी परीक्षा नेटाने द्या. त्याहून अंतर जास्त असेल, तर नोकरीतच राहा. आणि तिसरी परीक्षा काही झाले तरी नको, कारण वयाच्या हिशोबात तिला जागा उरत नाही.

येत्या रविवारी एक करा. मागच्या वर्षीची नीटची प्रश्नपत्रिका संकेतस्थळावरून छापून घ्या, मुलीला सासूबाईंकडे द्या, आणि काहीही न वाचता दुपारी दोन ते पाच बसून ती पूर्ण सोडवा. चुकीच्या उत्तरांचे गुण वजा करून तिन्ही विषयांचे गुण वेगवेगळे लिहा आणि मला कळवा. ते फार कमी आले तरी कळवा. कोणत्या विषयात किती कमी आहेत हे पाहिल्यावर मला तुम्हाला अधिक नेमके सांगता येईल.

तुमची,
डॉक्टर मॅडम